धातूचा भाव आणि दाताचा हिशोब

एप्रिल २०२५ मध्ये सोन्यानं दहा ग्रॅमला एक लाख रुपयांचा टप्पा ओलांडला. त्याच वर्षी कोबाल्टही चढला, पॅलेडियमच्या भावातले हेलकावे तर सगळ्यांच्या अंगवळणीच पडले आहेत. या काळात दातांच्या लॅबमध्ये आणि दवाखान्यांत एक वाक्य सर्रास ऐकू येऊ लागलं: ‘धातू परवडत नाही, आता सगळ्या कॅप झिर्कोनियातच करा.’ ऐकायला हे बिनतोड वाटतं. झिर्कोनिया पांढरा दिसतो, मजबूत म्हणून प्रसिद्ध आहे आणि ज्यातून कॅप कापतात त्या त्याच्या डिस्क दरवर्षी स्वस्त होत आहेत. मग अडचण कुठे आहे?

अडचण या युक्तिवादाच्या पायातच आहे. आपल्याकडे ज्या धातूंच्या कॅप बनतात, त्यांच्या किमतीत धातूचा वाटा फार थोडा असतो. महागली आहे ती धातूवर काम करणाऱ्या कुशल हातांची मजुरी. ती वाचवण्यासाठी आपण यंत्राकडे वळतो आहोत आणि नाव मात्र धातूचं पुढे करतो आहोत. कारण चुकीचं धरलं की निवडही चुकते. दातावर जागा किती, चावा कसा, समोर कोणता दात, ही कॅप पुढे कधी कापावी लागेल का, हे खरे प्रश्न बाजूला पडतात. मटेरियल दात पाहून ठरावं, बाजार पाहून ठरू नये, असं माझं ठाम मत आहे. ते का, हे टप्प्याटप्प्यानं मांडतो.

१. महागला तो कोणता धातू?

‘धातू’ म्हणून आपण एका दमात ज्यांची नावं घेतो, ते दोन वेगळ्या जगांतले धातू आहेत. एकीकडे सोनं, प्लॅटिनम, पॅलेडियम. दुसरीकडे निकेल-क्रोम आणि कोबाल्ट-क्रोम. महाराष्ट्रातल्या बहुतेक लॅबमध्ये रोजचं काम या दुसऱ्या जगातलं असतं.

निकेलचंच गणित करून पाहू. ८ मार्च २०२२ रोजी लंडन मेटल एक्स्चेंजवर निकेल टनाला एक लाख डॉलरच्या वर गेलं. बाजाराला व्यवहार थांबवावे लागले आणि त्या दिवशी झालेले सौदे रद्द करावे लागले. भावाचा याहून मोठा भडका निकेलच्या इतिहासात नाही. टनाला एक लाख डॉलर म्हणजे ग्रॅमला दहा सेंट, त्या वेळच्या विनिमय दरानं साडेसात रुपये. एका कॅपला निकेल-क्रोम लागतो दीड-दोन ग्रॅम आणि त्यातलं निकेल साधारण साठ-पासष्ट टक्के. म्हणजे त्या दिवशीही एका कॅपमधल्या निकेलची किंमत दहा रुपयांच्या आसपास होती. मिश्रधातू बनवणाऱ्याचा खर्च, नफा, वाहतूक, कर हे सगळं चढवून लॅबला तो कित्येक पट महाग पडतो, हे मान्य. तरी निकेलचा भाव दुप्पट झाल्यानं एका कॅपमागे जो फरक पडतो, तो डेंटिस्टच्या बिलात शोधूनही सापडणार नाही. कोबाल्टचंही तेच. फेब्रुवारी २०२५ मध्ये काँगोनं कोबाल्टची निर्यात रोखली आणि भाव वर गेले, पण ग्रॅमांच्या हिशोबात ती वाढ किरकोळ राहते.

सोन्याची गोष्ट निराळी आहे. सोन्याच्या मिश्रधातूची घनता निकेल-क्रोमच्या जवळपास दुप्पट, त्यामुळे त्याच आकाराच्या कॅपला वजनानंही दुप्पट धातू लागतो. तीन ग्रॅमच्या कॅपमध्ये सत्तर टक्के सोनं धरलं, तर दहा ग्रॅमला लाखाच्या भावानंही नुसतं सोनंच वीस हजारांच्या वर जातं. तिथे धातूचा भाव निर्णायक आहे, याबद्दल वाद नाही. पण अशी कॅप बनवून घेणारे आपल्याकडे मोजकेच. त्यांची अडचण दाखवून बाकी सगळ्यांचं मटेरियल बदलणं हा हिशोब बरोबर नाही.

मग खर्च वाढला कुठे? धातूवर सिरॅमिक चढवलेल्या एका पीएफएम कॅपचा प्रवास पाहा. माप ओतायचं, डाय कापायची, मेणाची कोपिंग करायची, स्प्रू लावायचा, इन्व्हेस्टमेंटमध्ये पुरायची, मेण जाळायचं, धातू वितळवून ओतायचा, सँडब्लास्ट करायचं, मार्जिन तपासायची, ओपेकचा थर द्यायचा आणि मग ब्रशनं एकेक थर चढवत दात उभा करायचा. प्रत्येक पायरीला शिकलेला माणूस लागतो. चांगला सिरॅमिस्ट तयार व्हायला वर्षं जातात आणि तो तयार झाला की त्याला दुसरी लॅब जास्त पगार देते. झिर्कोनियात यातलं बरंचसं स्कॅनर, संगणक आणि मिलिंग मशीन करतात. भट्टी रात्रभर चालते, सकाळी रंग आणि ग्लेझ दिला की काम संपलं. या बदलात वाईट काही नाही. फक्त तो मजुरी वाचवण्याचा निर्णय आहे, हे स्वतःशी आणि ग्राहकाशी स्पष्ट बोललं पाहिजे. निर्णयाचं खरं कारण कळलं, तरच त्याची मर्यादाही कळते.

२. बाजारानं केलेली निवड आणि तिची किंमत

भाव पाहून मटेरियल बदलण्याची ही पहिली वेळ नाही. १९७१ पर्यंत सोन्याचा अधिकृत भाव औंसाला ३५ डॉलरवर बांधलेला होता. त्या वर्षी अमेरिकेनं डॉलर आणि सोन्याची गाठ सोडली. जानेवारी १९८० मध्ये सोनं ८५० डॉलरवर पोचलं होतं. धातूवर भाजलेल्या सिरॅमिकचं तंत्र साठच्या दशकाच्या सुरुवातीला सोन्याच्या मिश्रधातूंसाठी बसवलेलं होतं. सोनं आवाक्याबाहेर गेल्यावर लॅबनी निकेल-क्रोम धरला.

निकेल-क्रोम सोन्यासारखा सहज ओतला जात नाही. तो नीट वाहावा, सिरॅमिक त्याला घट्ट धरावं, म्हणून काही मिश्रधातूंत दोन टक्क्यांपर्यंत बेरिलियम घालत. कॅप तोंडात बसल्यावर रुग्णाला त्याचा धोका फारसा नव्हता. धोका होता कॅप घासणाऱ्याला. बेरिलियमची धूळ फुप्फुसात गेली तर कायमचा आजार जडतो. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा खात्यानं दातांच्या लॅबमधल्या या आजाराबद्दल इशारा काढला तो २००२ मध्ये, म्हणजे सोन्याचा भडका उडून दोन दशकं उलटल्यावर. आज आंतरराष्ट्रीय मानकानुसार दंतधातूत बेरिलियम ०.०२ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. सोन्यावर वाचवलेल्या पैशांची किंमत कुणी मोजली, तर ग्राइंडरपाशी बसलेल्या टेक्निशियननं. त्याच्या नावाची नोंद कुठल्याही दरपत्रकात नसते.

पॅलेडियमचा धडा वेगळा आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकांत सोन्याला पर्याय म्हणून पॅलेडियमचे मिश्रधातू आले आणि स्थिरावले. मग गाड्यांच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची मागणी वाढली, रशियाच्या पुरवठ्याची खात्री राहिली नाही आणि जानेवारी २००१ मध्ये भाव औंसाला हजार डॉलरच्या पुढे गेला. लॅबनी घाईनं धातू बदलले. २००३ मध्ये तोच भाव दोनशेच्या खाली होता. ज्यांनी घाईनं सगळी पद्धत बदलली, त्यांच्या हाती बदललेला साठा आणि अर्धवट शिकलेलं तंत्र उरलं. कारण धातू एकटा बदलत नाही. प्रत्येक मिश्रधातू तापल्यावर वेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतो. सिरॅमिकचं प्रसरण धातूपेक्षा किंचित कमी असावं लागतं, म्हणजे थंड होताना सिरॅमिक दाबाखाली राहतं आणि टिकतं. धातू बदलला आणि पोर्सिलिन तेच ठेवलं, भट्टीचं वेळापत्रकही तेच ठेवलं, तर कॅप लॅबमधून धड निघते आणि काही महिन्यांनी तोंडात तडकते. तेव्हा दोष सिरॅमिस्टच्या माथी येतो.

जपानमध्ये हाच प्रश्न सरकारी पातळीवर उभा राहिला. तिथल्या राष्ट्रीय आरोग्य विम्यात अनेक वर्षं एक ठरावीक मिश्रधातू चालतो: १२ टक्के सोनं, २० टक्के पॅलेडियम, बाकी मुख्यतः चांदी. विमा देत असलेला दर बाजारभावाच्या मागे पडला की डेंटिस्टला प्रत्येक कॅपमागे पदरचे पैसे घालावे लागत. २०१४ मध्ये उपदाढांसाठी मिलिंग केलेल्या रेझिनच्या कॅप विम्यात आल्या, २०२० मध्ये दाढांसाठी टायटॅनियम आलं. म्हणजे पर्याय दातागणिक आणले गेले. उपदाढेला जे दिलं, ते दाढेला जसंच्या तसं लावलं नाही. आपल्याकडचा ‘सगळं झिर्कोनियात’ हा सरसकट हुकूम याच्यासमोर किती ढोबळ आहे, हे सांगायला नको.

३. आधी जागा मोजा

कॅपचा सगळ्यांत महाग घटक म्हणजे खुद्द दात आणि तो कुठल्याही बिलावर येत नाही. कॅप बसवायची तर दात घासून लहान करावा लागतो. घासलेला दात परत येत नाही.

पीएफएमला वरच्या बाजूनं दीड ते दोन मिलिमीटर जागा हवी, कारण धातू, ओपेक आणि सिरॅमिक असे तीन थर त्यात बसवायचे असतात. एकसंध झिर्कोनियाचं काम एक मिलिमीटरच्या आसपास भागतं. पूर्ण धातूची कॅप त्याहून पातळ थरातही टिकते आणि कडेला अगदी निमुळती करता येते. लिथियम डायसिलिकेटला, म्हणजे लॅबच्या भाषेत ई-मॅक्सला, एक ते दीड मिलिमीटर लागतो. हे आकडे समोर ठेवले की लक्षात येतं की धातू विरुद्ध झिर्कोनिया अशी सरळ लढत इथे नाहीच. पीएफएमच्या तुलनेत एकसंध झिर्कोनिया दाताचा जास्त भाग वाचवतो. ही त्याची खरी बाजू आहे आणि ती मी मनापासून मान्य करतो. पण पूर्ण धातूच्या तुलनेत पारडं उलटं झुकतं.

दुसरी दाढ घ्या. अक्कलदाढ सोडली तर तोंडात सर्वांत मागे, हसताना न दिसणारी, चावण्याचा मोठा भार घेणारी आणि बहुतेक वेळा आखूड. तिची उंचीच चार मिलिमीटर असेल, तर वरून दोन मिलिमीटर घासल्यावर कॅपला धरायला उरतं काय? अशी कॅप सिमेंट सुटून निघते, पुन्हा चिकटवली जाते, पुन्हा निघते. तिथे पूर्ण धातूची कॅप आजही सर्वांत योग्य आहे आणि आपल्याकडे ती सर्वांत स्वस्तही आहे. तरी ती मागे पडली, कारण तिच्यावर गरिबीचा शिक्का बसला. ‘मेटलची कॅप’ म्हणजे ज्याला दुसरं परवडत नाही त्याची, असा समज रुग्णांत आहे आणि डेंटिस्ट तो दूर करायला वेळ देत नाहीत. म्हणजे इथे तर धातू स्वस्त असूनही वगळला जातो. ‘महाग म्हणून सोडला’ हे स्पष्टीकरण या दाढेवर येऊन कोसळतं.

४. कोणता झिर्कोनिया?

‘झिर्कोनिया सर्वांत मजबूत’ हे अर्धं वाक्य आहे. पुढचा प्रश्न विचारल्याशिवाय त्याला अर्थ येत नाही.

१९७५ मध्ये गार्वी आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये झिर्कोनियाला सिरॅमिकचं पोलाद म्हणावं का, असा प्रश्न मांडला. त्यामागे एक विलक्षण गुण आहे. थोडं यट्रियम ऑक्साइड, म्हणजे यट्रिया, मिसळलं की झिर्कोनियाचे कण चतुष्कोनी स्फटिकरूपात थांबून राहतात. भेग पुढे सरकू लागली की तिच्या टोकाशी असलेले कण दुसऱ्या स्फटिकरूपात जातात, जवळपास चार टक्के फुगतात आणि भेगेला दाबून धरतात. याच गुणामुळे तीन मोल टक्के यट्रियावाला झिर्कोनिया ९०० ते १२०० मेगापास्कलपर्यंत वाकवण्याचा ताण सहन करतो.

पण तो दिसायला खडूसारखा, अपारदर्शक. रुग्णाला हवा तो दातासारखा उजेड आत घेणारा. तो मिळवायला यट्रिया वाढवून पाच मोल टक्क्यांवर नेला जातो. त्यात घनाकृती (क्यूबिक) स्फटिकांचं प्रमाण खूप वाढतं. उजेड आरपार जातो, पण घनाकृती स्फटिक रूप बदलत नाहीत, म्हणजे भेग थांबवण्याचा तो गुण बराचसा हरवतो. ताकद ५०० ते ७०० वर येते. दोन्ही डिस्क सारख्याच पांढऱ्या, दोन्हींच्या पावतीवर ‘झिर्कोनिया’ आणि दोन्हींसोबत वर्षांच्या हमीचं कार्ड. रात्री दात खाणाऱ्या माणसाच्या दाढेवर यातला कोणता बसला, हे अनेकदा बसवणाऱ्या डेंटिस्टलाही ठाऊक नसतं.

लॅबमध्ये या पदार्थाबरोबर बसलं की त्याचा नाजूकपणा बोटांना कळतो. डिस्कमधून कापून निघालेली कॅप खडूसारखी मऊ असते आणि हव्या त्या मापापेक्षा मोठी, कारण भट्टीत ती वीस-पंचवीस टक्के आक्रसणार असते. चौदाशे ते साडेपंधराशे अंशांत शिजून ती मापाला येते. मार्जिनची खरखर, खाचा, कडा याच मऊ अवस्थेत हलक्या हातानं साफ करायच्या असतात. घाईच्या दिवशी हे राहून जातं आणि शिजलेल्या कॅपवर डायमंड बर फिरवला जातो. पाणी न घेता, जोर लावून घासलं की पृष्ठभागाखाली सूक्ष्म भेगा पडतात. वर ग्लेझ चढवला की त्या दिसत नाहीत. समोरच्या दाताचंही तेच. नीट पॉलिश केलेला झिर्कोनिया समोरच्या एनॅमलला फारसा त्रास देत नाही. नुसत्या ग्लेझवर सोडलेला असेल, तर ग्लेझ झिजतो आणि आतली खरखर समोरचा दात खाते. म्हणजे यंत्रानं वाचवलेल्या मजुरीतला थोडा भाग पॉलिशिंगवर खर्च करावाच लागतो. जी लॅब तो करत नाही, तिचा स्वस्त दर समोरच्या दाताच्या जिवावर उभा आहे.

इरेना सायलर आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये एकेकट्या कॅपवरच्या अभ्यासांचा पद्धतशीर आढावा घेतला. पाच वर्षं टिकलेल्या कॅपचं प्रमाण धातू-सिरॅमिकमध्ये सुमारे ९५ टक्के, काच-सिरॅमिकमध्ये, म्हणजे ई-मॅक्सच्या कुळातल्या पदार्थांत, सुमारे ९७ आणि झिर्कोनियात सुमारे ९२ टक्के आलं. त्या काळचा झिर्कोनिया बहुतांशी वर पोर्सिलिनचा थर चढवलेला होता आणि तो थर उडायचा. आजचा एकसंध झिर्कोनिया वेगळा आहे, म्हणून या आकड्यांवरून आजच्या झिर्कोनियाला कमी लेखणं चूक ठरेल. पण मेगापास्कलमध्ये सर्वांत वरचा पदार्थ तोंडात सर्वांत वर राहिला नाही, एवढं त्यावरून नक्की कळतं. काच-सिरॅमिकची ताकद ४०० च्या आसपास, तरी ते टिकलं, कारण ते दाताला रासायनिक रीतीनं चिकटवता येतं आणि योग्य दातांवर वापरलं गेलं.

५. आक्षेपांना उत्तरं

पहिला आक्षेप आरोग्याचा: निकेलची ॲलर्जी असते, मग धातू हवाच कशाला? आक्षेप रास्त आहे. नकली दागिन्यांनी कान चिघळतात अशा बायका प्रत्येक गावात आहेत आणि त्यांच्या तोंडात निकेल घालू नये. डेंटिस्टनं माप घेण्याआधी हा प्रश्न विचारलाच पाहिजे. पण त्याचं उत्तर निकेल टाळण्यात आहे. निकेल नसलेला कोबाल्ट-क्रोम आहे, टायटॅनियम आहे आणि अर्थात झिर्कोनियाही आहे. कोबाल्टलाही युरोपीय संघानं २०२१ पासून कर्करोगजनकांच्या यादीत वरच्या वर्गात घातलं आहे. तो प्रश्न मुख्यतः धूळ श्वासात घेणाऱ्या कामगाराचा आहे, म्हणून प्रत्येक ग्राइंडरला धूळ ओढणारं यंत्र हवं. झिर्कोनियाच्या मिलिंगलाही ते हवं. मटेरियल बदलून हा खर्च टळत नाही.

दुसरा आक्षेप: रुग्णाला पांढरंच हवं. पुढच्या दातांना, उपदाढांना, हसताना दिसणाऱ्या पहिल्या दाढेला पांढरं द्यावं, त्यात दुमत नाही. मागच्या दाढेला धातू का चांगला, हे दोन मिनिटं समजावलं तर बरेच रुग्ण ऐकतात. समजावूनही नको म्हणाले, तर तो त्यांचा हक्क आहे. माझी तक्रार त्या न झालेल्या दोन मिनिटांबद्दल आहे.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो: लहान लॅबनं चार-पाच मटेरियल कशी सांभाळायची? तालुक्याच्या गावातली, दोन-तीन माणसांची लॅब मिलिंग मशीन, कास्टिंग आणि सिरॅमिक ओव्हन सगळं ठेवू शकत नाही. मिलिंग आणि धातूचं लेझर सिंटरिंग, म्हणजे डीएमएलएस, बाहेरून करून घेता येतं आणि अनेक लॅब ते करतातच. राखायला हवं ते एकच, कोणत्या केसला काय द्यायचं याची समज. आणि ज्या केसचं मटेरियल आपल्याकडे होत नाही, ती दुसऱ्या लॅबकडे पाठवण्याची तयारी.

चौथा मुद्दा कुणी आक्षेप म्हणून मांडत नाही, पण मांडायला हवा: कॅप एक दिवस कापावी लागते. आत कीड लागते, रूट कॅनाल उरलेला असतो, पूल बदलायचा असतो. सोन्याची कॅप बरनं चिरून सहज काढता येते, निकेल-क्रोमला थोडे कष्ट पडतात आणि जाड झिर्कोनिया कापताना डेंटिस्टचा घाम निघतो, डायमंड बर झिजतात, दात तापतो. तरुण रुग्णाच्या संशयित दातावर कॅप घालताना हे डोक्यात ठेवून निवड व्हायला हवी.

६. पावती बदला

सराफाच्या पावतीवर सोन्याचं वजन, त्या दिवसाचा भाव आणि मजुरी वेगवेगळी लिहिलेली असते. भाव चढला म्हणून सराफ दागिन्याचा धातू गुपचूप बदलत नाही. दातांच्या लॅबनंही हेच करावं. मौल्यवान धातू असेल तर वजनानं, त्या दिवसाच्या भावानं, वेगळ्या ओळीत आकारावा आणि ओतकामात उरलेला धातूचा गोळा (बटण) व कीस परत द्यावा किंवा त्याची रक्कम वळती करावी. साधा धातू असेल तर मिश्रधातूचं व्यापारी नाव आणि त्यात निकेल आहे की नाही, हे लिहावं. झिर्कोनिया असेल तर कंपनी आणि यट्रियाचं प्रमाण लिहावं. यात लॅबचा खर्च शाईइतकाच आहे.

डेंटिस्टनंही लॅबच्या स्लिपवर नुसतं ‘झिर्कोनिया, ए-टू शेड’ लिहून थांबू नये. किती मिलिमीटर जागा सोडली, रुग्ण दात खातो का, समोर नैसर्गिक दात आहे की कॅप, सिमेंट कोणतं वापरणार, या चार गोष्टी लिहिल्या तर निम्मे रिमेक टाळता येतील, असं मला वाटतं. रुग्णाला एवढं करता येईल: कॅप बसवून घेण्याआधी तिचं मटेरियल नेमकं कोणतं हे लेखी मागावं आणि तो कागद जपून ठेवावा. दहा वर्षांनी ती कॅप कापायला बसलेल्या डेंटिस्टला पहिली गरज त्याच कागदाची पडेल.